लुकआउट रेकॉर्ड्‌स
लुकआउट रेकॉर्ड्‌स : पॉप पंक संगीताच्या ध्वनिमुद्रिका काढणारी अमेरिकेतील एक स्वतंत्र संस्था (१९८७–२०१२). पंक संगीताच्या वेगवान, खडबडीत वादनाला सहज गुणगुणता येतील अशा चालींची जोड देणारा प्रकार म्हणजे पॉप पंक होय. लॅरी लिव्हरमोर व डेव्हिड हेझ यांनी ही संस्था कॅलिफोर्नियात स्थापन केली. बर्कली येथील गिलमन स्ट्रीटवरच्या, स्वयंसेवकांनी चालविलेल्या संगीतगृहात वाजविणारे तरुण वृंद हा तिचा पाया. ऑपरेशन आयव्ही व ग्रीन डे हे त्यांपैकी विशेष गाजले.

अशा संस्थांचे भांडवल बेताचेच असते. ध्वनिमुद्रण, तबकड्या व वेष्टने यांवरील खर्च आधी करावा लागतो. विक्रीची रक्कम वितरकाकडून बऱ्याच विलंबाने येते आणि न खपलेल्या प्रतीही परत येतात. शिवाय हाती आलेल्या रकमेत कलावंतांना देय असलेले स्वामित्वधन असते. ती सारी नफा समजून खर्चणे घातक ठरते. लुकआउटचे प्रारंभीचे करार साधे होते. खर्च वजा जाता उरलेल्या नफ्याचा मोठा वाटा वृंदाकडे जाई.

ग्रीन डेने दुसऱ्या, मोठ्या कंपनीतर्फे काढलेली डूकी (१९९४) अफाट खपली आणि तिच्यामागून त्यांच्या लुकआउटकडील जुन्या ध्वनिमुद्रिकांनाही मागणी आली. लिव्हरमोर १९९७ मध्ये बाहेर पडले. पुढे नव्या वृंदांवरील खर्च वाढला, स्वामित्वधन मात्र थकत गेले. अखेर २००५ मध्ये ग्रीन डेने आपल्या मुद्रणांचे हक्क काढून घेतले. इतर काहींनीही तेच केले. जुन्या ध्वनिमुद्रिका हाच उत्पन्नाचा मुख्य आधार असल्याने नवी प्रकाशने थांबली व २०१२ मध्ये संस्था बंद झाली.