मापाडी चुकला तर: सॉर्टिंग आणि न झाडलेली मेमरी

आज आम्ही सॉर्टिंग शिकवणार नाही. जळगाव-धुळ्याच्या कॉलेजांतून आलेल्या मुलांनी क्विकसॉर्ट परीक्षेत दहा वेळा लिहिला असेल. आजचा प्रश्न वेगळा आहे: लायब्ररीतलं, तीस वर्षं वापरात असलेलं सॉर्ट फंक्शन आपल्या मालकीची नसलेली मेमरी कसं काय वाचू लागतं?

आधी मेमरी. समजा धुळ्याच्या मार्केट यार्डाजवळ तुम्ही गोदाम भाड्याने घेतलं. मालकाने किल्ली दिली, झाडून दिलं नाही. आधीच्या व्यापाऱ्याची पोती आत तशीच. सी भाषेतलं मॅलॉक असंच वागतं: जागा देतं, साफ करून देत नाही. मेरिट लिस्टसाठी 60 जागांचा अ‍ॅरे घेतला, 57 मुलांचे गुण भरले, पण सॉर्टला 60 हा आकडा दिला, तर उरलेल्या तीन जागांतलं जुनं सामानही यादीत येतं. मोठा आकडा असला तर थेट पहिल्या क्रमांकावर! आणि तुमच्या लॅपटॉपवर तिथे योगायोगाने शून्य असेल, तर चूक दिसतच नाही. आम्हाला ही दुसरी शक्यता जास्त घातक वाटते.

ही झाली आपली चूक. आता लायब्ररीकडे वळू.

सॉर्ट फंक्शन म्हणजे हमाल. पोती हलवणं त्याचं काम. कोणतं जड, कोणतं हलकं हे सांगतो मापाडी, म्हणजे आपण लिहून दिलेलं तुलनेचं फंक्शन. मापाड्याकडून अपेक्षा एकच: 'अ'पेक्षा 'ब' जड, 'ब'पेक्षा 'क' जड, तर 'क' हा 'अ'पेक्षा जड असलाच पाहिजे. पण सीमध्ये पुष्कळ जण तुलना म्हणून सरळ वजाबाकी परत देतात. 2 अब्जातून उणे 2 अब्ज वजा करा. उत्तर 4 अब्ज. बत्तीस बिटांच्या पूर्णांकात 2,14,74,83,647 च्या वर काही मावत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात बहुतेक वेळा उणे 29,49,67,296 हाती येतं. म्हणजे मापाडी म्हणतो, 2 अब्ज हे उणे 2 अब्जांपेक्षा लहान!

30 जानेवारी 2024 रोजी क्वालिस या सुरक्षा कंपनीने दाखवून दिलं की लिनक्सवरच्या जीलिबसी लायब्ररीतला क्यूसॉर्ट अशा मापाड्यापुढे घसरतो. दोष सप्टेंबर 1992 च्या 1.04 आवृत्तीपासून 2.38 पर्यंत होता. जादा मेमरी मिळाली की हे फंक्शन मर्जसॉर्ट वापरायचं. मिळाली नाही तरच क्विकसॉर्टकडे जायचं. म्हणून तो इतकी वर्षं झोपून राहिला.

घडायचं असं. शेवटच्या टप्प्यात सगळ्यात हलकं पोतं रांगेच्या डोक्याला ठेवायचं. मग हमाल एकेक पोतं उचलून डावीकडे चालत जाणार, मापाडी "थांब" म्हणेपर्यंत. डोक्याला सगळ्यात हलकं आहे, म्हणजे तिथे तो थांबणारच. मग भिंत कशाला बांधा? प्रत्येक पावलाला एक तपासणी वाचते. पण मापाड्याने तिथेही "अजून हलकं" म्हटलं, तर हमाल शेजारच्या गोदामात. तिथे कुणाचं काय पडलंय ठाऊक नाही, तरी त्याच्याशी तुलना होते, आणि पोतं तिथेच ठेवलंही जातं. नुसतं वाचणं नाही, दुसऱ्याच्या मालाची नासधूस.

दोष कुणाचा? सीचं प्रमाणपत्रक म्हणतं, मापाडी सुसंगत हवा. नसेल तर काहीही होऊ शकतं. कागदावर हे बरोबर. पण खोट्या मापाचं फळ चुकीची रांग इतकंच असावं, भिंत फुटू नये, असं आमचं मत. दुरुस्तीही तशीच झाली: हद्दीची तपासणी घातली.

रस्ट भाषेत 5 सप्टेंबर 2024 च्या 1.81 आवृत्तीत नवी सॉर्ट आली. ती न भरलेल्या तात्पुरत्या जागेत दोन्ही टोकांकडून पोती मांडत येते. मापाडी फिरला तर एक पोतं दोनदा येईल, दुसरं राहून जाईल. म्हणून शेवटी दोन्ही बाजूंचा हिशेब जुळतो का ते ती पाहते. नाही जुळला तर प्रोग्राम तिथेच थांबवते.

मागच्या रांगेतून प्रश्न आला: गैरहजर मुलाचे गुण 'नॅन' ठेवले तर? तोही फितूर मापाडीच. नॅनची तुलना 35 शी करा की 90 शी, पुष्कळ जण उत्तर "समान" धरतात. मग 35 आणि 90 सारखे झाले का? गैरहजर मुलं आधी वेगळी काढा. आणि वजाबाकीऐवजी "मोठा का" आणि "लहान का" असे दोन प्रश्न वेगवेगळे विचारा.