मूठभर धणे

पोह्यांवर असो, आमटीत असो, की भाकरीबरोबरच्या पिठल्यावर असो, कोथिंबिरीची हिरवी पखरण झाल्यावाचून आपल्याकडील स्वयंपाक पुरा झाल्यासारखा वाटत नाही. बाजारात हिची जुडी कधी भाजीबरोबर सहज पदरात पडते, तर कधी तिचा भाव ऐकून गिऱ्हाईक मुकाट्याने पुढे जाते. अशी ही नित्याची वनस्पती. परंतु ती उगवते कशी, तिला दिवस किती लागतात, तिला काय मानवते, असे कोणी विचारले तर आपल्यापैकी कितीजणांना उत्तर देता येईल? ते उत्तर मिळविण्याचा उत्तम मार्ग म्हणजे ती स्वतः लावून पाहणे हा होय.

“पण पाणी कोठून आणावयाचे?” असा प्रश्न बीड जिल्ह्यातील मूल प्रथम विचारील, आणि तो प्रश्न रास्त आहे. या जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. बालाघाटच्या डोंगरात मांजरा उगम पावते. तथापि जिल्ह्याचा बराच भाग पावसाच्या भरवशावर जगतो. १९७२ चा दुष्काळ येथील वृद्धांच्या आठवणीत आहे, आणि २०१५-१६ मधील टँकरपुढच्या रांगा तर आता तरुण झालेल्यांनीही पाहिल्या आहेत. बीड शहराजवळ निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकात बांधलेली खजाना विहीर आहे. तिचे पाणी भूमिगत कालव्याने शेतांस पोहोचविण्याची योजना त्या काळी केली गेली. पाणी वाया जाऊ न देण्याचा विचार या भूमीत असा जुना आहे.

आपल्या कोथिंबिरीसाठीही नवे पाणी काढावयाचे नाही. तांदूळ, डाळी व भाज्या धुतलेले पाणी घरोघरी रोज मोरीत जाते. एक दिवस ते एका बादलीत साठवून तांब्याने मोजून पाहा. ते एवढे भरते की त्यावर एक लहानसा वाफा सहज जगेल. मात्र साबणाचे, सोड्याचे अथवा मिठाचे पाणी कोथिंबिरीस घालू नये. त्याने माती बिघडते.

आता बियांकडे वळू. धणा म्हणजे बी, असे आपण समजतो. वस्तुतः ते कोथिंबिरीचे फळ आहे. या गोल फळाचे दोन अर्धगोल भाग असतात व प्रत्येक भागात एक बी असते. म्हणून पेरण्यापूर्वी धणे पाटावर पसरून हलक्या हाताने रगडावेत. ते दुभंगले पाहिजेत, चुरडता कामा नयेत. मग ते रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी निथळून घ्यावेत. स्वयंपाकघरातील धणेही चालतात. पण ते भाजलेले किंवा फार जुने असतील तर उगवणार नाहीत. शंका असल्यास वीस धणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावेत. आठदहा दिवसांत निम्म्यांहून अधिकांस मोड आले, तर बी चांगले समजावे.

ज्यांना परस आहे त्यांनी वाफा करावा. काळी माती ओली झाली की चिकटते व वाळली की भेगाळते. म्हणून तीत कुजलेले शेणखत आणि थोडी वाळू मिसळून ती भुसभुशीत करावी. एक मीटर लांब व तितक्याच रुंद वाफ्यास १० ते १५ ग्रॅम धणे पुरतात. १५ सेंटिमीटर अंतरावर उथळ रेघा ओढून त्यांत धणे पेरावेत आणि वर बोटाच्या एका पेराहून कमीच माती लोटावी. पावसाळ्यात वाफा जमिनीपेक्षा उंच करावा, म्हणजे पाणी साचून मुळे कुजणार नाहीत.

ज्यांना परस नाही त्यांनीही हळहळू नये. तेलाचा रिकामा डबा, फुटकी बादली किंवा जुने घमेले पुरे होते. त्याच्या बुडाला चारसहा भोके पाडावीत आणि ते निदान एक वीतभर खोल असावे. कारण कोथिंबिरीचे मूळ सोटमूळ असते, ते सरळ खाली जाते. याच कारणाने तिची रोपे उपटून दुसरीकडे लावीत नाहीत. जेथे पेरावयाची तेथेच ती वाढू द्यावयाची असते. डबा अशा खिडकीत ठेवावा की जेथे सकाळचे चार-पाच तास ऊन येते. दिवाळीनंतर ज्यांचे आईवडील ऊसतोडणीस जातात आणि जी मुले त्यांच्याबरोबर कोपीत राहतात, त्यांनाही असा एक डबा कोपीच्या दारापुढे ठेवता येईल. हंगाम काही महिन्यांचा असतो. कोथिंबिरीला तेवढे दिवस लागतही नाहीत.

पेरल्यावर पहिले आठदहा दिवस काहीच दिसत नाही. थंडीत याहूनही अधिक दिवस लागतात. माती ओलसर ठेवावी, पण उकरून पाहण्याचा मोह आवरावा; उकरलेले बी बहुधा मरते. पाणी धारेने न ओतता डब्याच्या झाकणास बारीक भोके पाडून शिंपडावे. पुढे एके दिवशी दोन लांबट, साधी पाने वर येतात. ती कोथिंबिरीसारखी दिसत नाहीत, म्हणून तण समजून उपटू नयेत. त्यांच्यामागून जी कातरलेली पाने फुटतात ती ओळखीची असतात. सुमारे ४० ते ४५ दिवसांत रोपे वीतभर होतात. मग मुळासकट न उपटता, मधला कोंब राखून बाहेरची पाने कात्रीने कापावीत, म्हणजे पुन्हा एकदोन वेळा कापणी मिळते. दर दहाबारा दिवसांनी एकेक डबा पेरीत गेल्यास घरात कोथिंबीर खंडत नाही.

युरोपातील स्वयंपाकात पार्सली नावाची वनस्पती अशीच वापरतात. ती कोथिंबिरीच्याच कुळातील आहे. जिरे, ओवा, बडीशेप, शेपू आणि गाजर हीही त्याच कुळातील भावंडे. या साऱ्यांची फुले उघडलेल्या छत्रीसारखी दिसतात. पार्सली मात्र संथ चालीची. तिला उगवायलाच तीन आठवडे लागू शकतात. पहिल्या वर्षी ती पाने देते आणि दुसऱ्या वर्षी फुलते. कोथिंबीर एकाच हंगामात सारे उरकते.

हा उरक पाहायचा असेल तर फाल्गुन-चैत्रात वाफ्यापाशी बसावे. ऊन तापू लागले, ओल तुटू लागली की कोथिंबीर पानांचा पसारा थांबविते. मधूनच एक दांडा उंच वाढतो, पाने शेपूसारखी बारीक होतात आणि वर पांढरी, किंचित गुलाबी फुले येतात. आपण म्हणतो, कोथिंबीर बिघडली. परंतु रोपाच्या दृष्टीने विचार केला, तर ते बिघडलेले नसून सावध झालेले असते. पुढे पाणी नाही हे जणू जाणून, असलेल्या ओलीतच ते बी धरण्याची त्वरा करते. फुलांवर मधमाश्या येतात, हिरवे धणे धरतात आणि पेरणीपासून सुमारे साडेतीन महिन्यांत ते पिकून तपकिरी होतात.

म्हणून सगळीच रोपे कापू नयेत. पाचसहा रोपे फुलू द्यावीत. त्यांचे धणे सावलीत वाळवून बरणीत भरावेत आणि वर पेरणीचा व कापणीचा दिवस लिहून ठेवावा. इजिप्तचा राजा तुतनखामेन याच्या थडग्यातही धणे सापडले आहेत. तो सुमारे ३,३०० वर्षांपूर्वी होऊन गेला. इतका काळ मनुष्य या फळाला जपत आला आहे. ज्याने हे एकदा जपले त्याला बाजारातील जुडीकडे पाहताना तिच्यामागचे चाळीस दिवस दिसतील, आणि ती मातीमोल भावाने विकावी लागलेल्या शेतकऱ्याचे मनही कळेल. शिवाय पुढच्या वर्षी पाऊस कमी झाला, तरी त्याच्या बरणीत मूठभर धणे असतील, आणि भाजी धुतलेले पाणी कोठे ओतावे, हे त्याला कोणी सांगावे लागणार नाही.