गुरुजी नापास, पोरं बोर्डात!

बी.ए. व्हा की एम.एस्सी., नांदेडच्या विष्णुपुरीतल्या विद्यापीठाची पदवी घेतली की कागदावर नाव येतं एका हेडमास्तरांचं. स्वामी रामानंद तीर्थ म्हटलं की हैदराबादचा मुक्तिसंग्राम आठवतो. पण त्याआधी ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेचे मुख्याध्यापक होते आणि पुढे अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत. निजामाविरुद्ध उभे राहिले तेव्हा शाळेतले सहकारी शिक्षकही त्यांच्यासोबत निघाले. विद्यापीठाचा मुहूर्तसुद्धा कसा, तर 17 सप्टेंबर 1994, मराठवाडा मुक्तिदिन. त्या वर्षी दिल्लीत पंतप्रधान होते पी. व्ही. नरसिंह राव, तेही स्वामीजींना गुरू मानणारे.

निजामाच्या राज्यात शाळेच्या पायऱ्या होत्या तहतानिया, वस्तानिया, फोकानिया. म्हणजे प्राथमिक, मिडल, हायस्कूल. शिक्षक ‘मुदर्रिस’, हेडमास्तर ‘सदर मुदर्रिस’. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी ‘वस्तानियापर्यंत शिकलो’ हे परवापरवापर्यंत होतं. मुदर्रिस गेले, गुरुजी राहिले.

आणि नांदेडात नुसतं ‘गुरुजी’ म्हटलं की अजूनही एकच नाव पुढे येतं, नरहर कुरुंदकर. 1932 सालचा जन्म, मूळ गाव कुरुंदा. मनुस्मृतीपासून नाट्यशास्त्रापर्यंत कशावरही तासन्‌तास बोलणारा हा माणूस इंटरच्या परीक्षेत मात्र आपटला होता! एम.ए. झाले ते तिशी ओलांडल्यावर. तोवर नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत मास्तरकी चालू होती. मग पीपल्स कॉलेज. आधी मराठीचे प्राध्यापक, नंतर प्राचार्य. रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’ला जी लांबलचक प्रस्तावना आहे, ती या गुरुजींचीच. कादंबरी एका बैठकीत संपवणारे प्रस्तावनेपाशी दोन दिवस अडकतात, असं माझं निरीक्षण. प्राचार्य झाल्यावर माणसाला ‘सर’ म्हणायची रीत. गावानं त्यांना शाळामास्तराच्याच हाकेत ठेवलं, आणि मला तरी यापेक्षा मोठी पदवी दिसत नाही. 10 फेब्रुवारी 1982 ला औरंगाबादेत ते गेले तेही व्यासपीठावरच, अवघ्या 49 व्या वर्षी.

आता नांदेडहून लातूरला या. इथं नापासाचं नाव काढायचं नाही! 1970 साली निघालेल्या राजर्षी शाहू महाविद्यालयानं आणि शहरातल्या इतर शाळा-कॉलेजांनी ‘लातूर पॅटर्न’ उभा केला. त्यामागे गुपित असं काही नव्हतं. जादा तास, चाचणीवर चाचणी, तपासलेला पेपर हातात देऊन ‘हा अर्धा मार्क कुठं गेला?’ अशी उलटतपासणी. पोरं बोर्डात यायला लागली तशी बाहेरगावची कुटुंबं खोल्या शोधत लातुरात आली. पुढं क्लासेसचं अख्खं गाव वसलं, त्याचं कौतुक मी जरा हात राखूनच करतो. मार्कांच्या या राजधानीत इंटर नापास कुरुंदकर गुरुजींना प्रवेश मिळाला असता का, हा प्रश्न मला दर जूनमध्ये पडतो.

शाहू कॉलेजचे पहिले प्राचार्य जनार्दन वाघमारे यांची गंमत वेगळीच. मराठी वाचकाला अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या साहित्याची ओळख करून देणारे हे सर पुढे नांदेड विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, मग लातूरचे नगराध्यक्ष आणि नंतर राज्यसभेत खासदार. ज्यांना वर्गात ‘गप्प बसा’ म्हटलं असेल, त्यांच्याच दारी मतं मागायला जाताना कसं वाटलं असेल?

शाळेतल्या गुरुजींचं सध्याचं कौतुक दिसतं ते दिवाळीच्या सुट्टीत, दहावीच्या जुन्या बॅचच्या स्नेहमिलनात. पुण्याहून, दुबईहून आलेली पन्नाशीची पोरं त्याच बाकांवर कशीबशी मावतात. घंटा होते, प्रार्थना होते. शाल-श्रीफळ, फेटा, पाया पडणं सगळं यथासांग. मग निवृत्त गुरुजी चष्मा पुसून हजेरी घेतात. तहसीलदार झालेला ‘हजर सर’ म्हणत उभा राहतो. एक जण उशिरा येतो, दारातच थांबतो आणि विचारतो, “आत येऊ का, सर?”

गुरुजी वहीतून मान वर न काढता म्हणतात, “तुझी सवय गेली नाही अजून.”