हार्डनर म्हणजे विरजण नव्हे

गेल्या वर्षी जूनच्या तोंडावर फणसाची एक जुनी फळी हाती लागली. पाडलेल्या घराच्या दाराची. कधीकाळी हळदीसारखी पिवळी असणार, आता वयाने तांबूस झालेली आणि मधोमध बोटभर चीर गेलेली. टाकवेना. चिरेत निळं इपॉक्सी ओतून तिचा ट्रे करायचा ठरलं. हल्ली रत्नागिरीतही अशा टेबलांची आणि ट्रेंची हौस आली आहे. आंब्याची नाहीतर फणसाची फळी घ्यायची आणि तिच्या मधून काचेसारखी नदी वाहवायची.

बाटलीवर ठळक अक्षरांत ‘फूड सेफ’ छापलेलं होतं. खाली प्रमाण दिलं होतं, दोन भाग रेझिनला एक भाग हार्डनर. मेस्त्री म्हणाले, “पावसाचे दिवस आहेत, हार्डनर जरा चढता घालू. लवकर धरेल.” मला ते पटलं. चार दिवसांनी ट्रेवर बोट टेकवलं तर ठसा उमटला. आठवड्याने पुन्हा टेकवलं, पुन्हा ठसा.

मेस्त्रींचा आणि माझा हिशोब विरजणाचा होता. चमचाभर विरजण लिटरभर दूध लावतं, कारण त्यातले जिवाणू वाढतात. थोडं जास्त पडलं तर दही लवकर लागतं, फार तर आंबट होतं. हार्डनरचं तसं नाही. रेझिनच्या रेणूच्या दोन्ही टोकांना दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन यांची एक चिमुकली, ताणलेली कडी असते. हार्डनरमधल्या अमाइनचा एक हायड्रोजन अशी एकच कडी उघडतो आणि तिथे कायमचा जोडला जातो. हजारो जोड विणले गेले की त्यांची जाळी होते, आणि ही जाळी म्हणजेच टणक इपॉक्सी. हार्डनर चढता घातला तर उरलेल्या अमाइनला जोडीदार मिळत नाही. ते जाळीत मोकळं अडकून राहतं आणि संधी मिळाली की बाहेर झिरपतं. रेझिन जास्त झालं तरी तीच गत. वजनाचाही एक फसवा मामला आहे. रेझिन हार्डनरपेक्षा जड असतं. बाटलीवरचं २:१ हे मापाने दिलेलं असेल आणि आपण ते वजनकाट्यावर घेतलं, तर हार्डनर नकळत जास्त जातो.

पावसाळ्याने आणखी एक खोडी केली होती. हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड मिळून पृष्ठभागावरच्या अमाइनला गाठतात आणि वर मेणचट साय धरते. ही साय कोमट पाण्याने धुतली की निघून जाते. आमच्या ट्रेवरची पुसली, पण खालचा चिकटपणा तसाच राहिला. तो मापातल्या चुकीचा होता आणि त्याला पाण्याचा इलाज नाही.

मग बाटलीवरच्या त्या दोन शब्दांचं काय? अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या नियमांत १७५.३०० हे कलम आहे. अन्नाला लागणाऱ्या लेपांत कोणते घटक चालतील याची यादी त्यात आहे, आणि पूर्ण सुकलेला लेप पाणी, अल्कोहोल, हेप्टेन अशा द्रवांत ठेवल्यावर त्यातून किती द्रव्य सुटलं तर चालेल याची मर्यादाही आहे. प्रशासन कुठल्याही बाटलीला शिक्का देत नाही. घटक यादीत बसतात आणि सुकलेला थर चाचणीत टिकतो, असं बनवणाराच सांगतो. आपल्याकडे अन्नाला लागणाऱ्या प्लॅस्टिकची अशीच परीक्षा आयएस ९८४५ या भारतीय मानकाने होते. पाणी, ३ टक्के अ‍ॅसेटिक आम्ल, अल्कोहोल आणि हेप्टेन हे तिथे वेगवेगळ्या पदार्थांच्या जागी उभे केलेले असतात. आमच्या स्वयंपाकघराच्या भाषेत सांगायचं तर आम्ल म्हणजे कोकमाचं आगळ आणि हेप्टेन म्हणजे बांगड्याचं तेल. एका चौरस डेसिमीटरमधून, म्हणजे साधारण तळहाताएवढ्या जागेतून, १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त काही सुटता कामा नये. या सगळ्या परीक्षा सुकलेल्या थराच्या आहेत. बाटलीतला द्रव कधीच ‘फूड सेफ’ नसतो. तो हाताला लागून लागून कायमची अ‍ॅलर्जी झालेले कारागीर आहेत. मोजे घालावेत, आणि अर्धवट सुकलेला थर घासून त्याची धूळ नाकात घेऊ नये.

गंमत म्हणजे इपॉक्सीचा जन्मच तोंडासाठी झाला. १९३०च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्टान हे रसायनज्ञ कवळीसाठी पदार्थ शोधत होते. कवळीचं काही जमलं नाही. हक्क सिबा कंपनीकडे गेले आणि १९४६ मध्ये ‘अ‍ॅराल्डाइट’ हा गोंद जगापुढे आला. पुढे इपॉक्सीचा पातळ लेप खाद्यपदार्थांच्या डब्यांना आतून लागू लागला आणि अनेक दशकं लोक त्या डब्यांतलं खात आले. अर्थात कारखान्यात तो लेप २०० अंशांच्या आसपास भट्टीत भाजतात. आपल्या पडवीत भट्टी नसते.

आणि त्या लेपावरही आता बोट ठेवलं गेलं आहे. रेझिनचा पाया असलेलं बिस्फेनॉल-ए शरीरातल्या संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतं. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये त्याची रोजची सुसह्य मात्रा २०,००० पटींनी खाली आणली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने अन्नाला लागणाऱ्या वस्तूंमध्ये त्याच्या वापरावर बंदी घातली. मला विचाराल तर नीट सुकलेल्या ट्रेवर बिस्किटं ठेवताना घाबरायचं कारण नाही. पण त्याच्यावर सोलकढी रात्रभर मुरवायची हौसही नको.

अर्धं सुकलेलं बोचतं आणि पूर्ण सुकलेलं निमूट बसतं, हे खरं तर कोकणाला कुणी शिकवायला नको. हापूस काढताना देठाचा चीक ओठाला लागला की काय होतं ते इथल्या पोरांना विचारा. काजू फोडणाऱ्या बायका हाताला तेल किंवा राख चोळतात, कारण टरफलातलं तेल कातडी सोलून काढतं. बिब्बा तर उततोच. आंबा, काजू, बिब्बा ही एकाच कुळातली झाडं, आणि जपानी लोक ज्याच्या चिकाने जेवणाचे वाडगे लाखाळतात ते उरुशीचं झाडही त्याच कुळातलं. तो चीक ओला असताना अंगावर फोड आणतो. दमट हवेत त्यातलंच एक विकर त्याचे रेणू एकमेकांना विणतं आणि मग त्याच वाडग्यातून गरम सूप पिढ्यान्‌पिढ्या प्यायलं जातं. ब्रह्मदेशातही त्याच कुळातल्या थित्सी झाडाच्या चिकाने बांबूची भांडी लिंपतात आणि मठात अन्न त्यांतून नेतात. तिथला शेवटचा राजा थिबा १८८६ ते १९१६ अशी तीस वर्षं आमच्या रत्नागिरीत नजरकैदेत होता. हापूसच्या गावात येऊनही तो त्या कुळाच्या बाहेर गेला नव्हता म्हणायचा.

या कुळाचं आणि इपॉक्सीचं नातं आज कारखान्यातही जुळलं आहे. काजूच्या टरफलातलं तेल तापवलं की त्यातून कार्डानॉल मिळतं, आणि कार्डानॉलपासून फेनाल्कामाइन नावाचे हार्डनर करतात. ते थंडीत आणि ओलीतही धरतात, म्हणून जहाजांच्या रंगात त्यांना मान आहे. तेव्हा ‘काजूपासून बनवलेलं, नैसर्गिक’ असं लिहिलेलं इपॉक्सी दिसलं तर भुलू नका. नैसर्गिक तर बिब्बाही आहे. खायच्या भांड्याला ते चालेल की नाही हे चाचणी ठरवते, झाड नव्हे.

पोळपाटाला, काथवटीला इपॉक्सी लावूच नये. सुरी फिरेल तिथेही नको, त्याचे कण पोटात जातात. तिथे जवसाचं तेल पुरतं. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन स्वतःच जाळी विणतं, फक्त कित्येक आठवडे लावतं. रंगाच्या दुकानातलं ‘बॉइल्ड’ तेल मात्र घेऊ नये, त्यात सुकवण्यासाठी धातूंचे क्षार असतात. खोबरेल चोळलं तर लाकूड तुकतुकीत दिसतं, पण ते कधीच सुकत नाही. त्याच्या रेणूंत जोडायला जागाच जवळजवळ नाही.

फणसाच्या चिरेतलं चिकट इपॉक्सी आम्ही पटाशीने खरवडून काढलं. ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात पुन्हा ओतलं, या वेळी मापाच्या पेल्यांनी, आणि तीन आठवडे कुणाला हात लावू दिला नाही. मेस्त्रींनी नखाने ओरखडून पाहिलं, काही उठलं नाही. तरी एक अडचण राहतेच. घरच्या हवेत सुकवलेलं इपॉक्सी साधारण ५० ते ६० अंशांना मऊ पडू लागतं, आणि तव्यावरून उतरलेलं घावन त्याहून बरंच गरम असतं. म्हणून ट्रेवर काजू, खोबऱ्याच्या वड्या, सुकामेवा. घावनं असली की ट्रेवर आधी लाकडी चकती येते, चकतीवर केळीचं पान आणि पानावर घावनं.