लघुउद्योगाचे संचालन आणि विपणन : काही स्पष्ट मते

१. प्रस्तावना

भारतीय अर्थव्यवस्थेत सूक्ष्म व लघु उद्योगांना महत्त्वाचे स्थान आहे, हे विधान वाणिज्य शाखेच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत आढळते. मात्र असा उद्योग प्रत्यक्ष चालविणाऱ्या व्यक्तीच्या रोजच्या हिशेबाची चर्चा या पुस्तकांत अभावानेच होते. कंपनी बुडाली तर भागधारकाचे नुकसान त्याच्या भागापुरते मर्यादित राहते. एकल मालकीचा धंदा बुडाला तर राहते घर, घरातील दागिने आणि मुलांचे शिक्षण पणाला लागते. कारण अशा धंद्यात कायद्याच्या दृष्टीने धंदा आणि मालक वेगळे नसतात. म्हणूनच लघुउद्योगाविषयी गोड बोलण्यापेक्षा स्पष्ट बोलणे अधिक उपकारक ठरते.

१ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या वर्गीकरणानुसार यंत्रसामग्रीतील गुंतवणूक २.५ कोटी रुपयांपर्यंत आणि उलाढाल १० कोटी रुपयांपर्यंत असलेला उद्योग ‘सूक्ष्म’ ठरतो. म्हणजेच नऊ कोटींची उलाढाल करणारा कारखाना आणि दोन खोल्यांत चालणारे पोळी-भाजी केंद्र यांना एकच संज्ञा लागू होते. एकासाठी दिलेला सल्ला दुसऱ्याला घातक ठरू शकतो. प्रस्तुत लेखाचा विषय या वर्गाच्या तळाशी असलेला उद्योजक हा आहे. त्याच्या संदर्भात हिशेब, उधारी, वाढ आणि विपणन या चार बाबींचा येथे विचार केला आहे.

२. नफा की मालकाची मजुरी?

लहान धंद्यातील पहिली गफलत हिशेबात होते. महिनाअखेर गल्ल्यात उरलेली रक्कम म्हणजे नफा, असे मानले जाते. उदाहरणादाखल, एक दाम्पत्य स्वतःच्या मालकीच्या गाळ्यात पोळी-भाजी केंद्र चालविते, असे समजू. महिन्याची विक्री १,५०,००० रुपये, किराणा व भाजीपाला ८०,००० रुपये, गॅस, वीज व वेष्टन २०,००० रुपये आणि एका मदतनिसाचा पगार १२,००० रुपये. उरलेले ३८,००० रुपये या दाम्पत्याला नफा वाटतात.

आता हाच हिशेब पुन्हा मांडू. पत्नी करीत असलेल्या स्वयंपाकासाठी आचारी ठेवला तर १८,००० रुपये, पती सांभाळत असलेल्या गल्ल्यासाठी व खरेदीसाठी माणूस ठेवला तर १५,००० रुपये आणि तोच गाळा भाड्याने दिला तर १५,००० रुपये येतील. ही ४८,००० रुपयांची रक्कम हिशेबात धरली, तर धंदा दरमहा १०,००० रुपये तोट्यात आहे, असे दिसते. अर्थशास्त्रात ‘संधिव्यय’ म्हणून शिकविली जाणारी संकल्पना ती हीच. याचा अर्थ केंद्र बंद करावे असा नव्हे. दुसरे काम उपलब्ध नसेल, तर ते चालविणेच शहाणपणाचे असू शकते. मात्र घरच्यांची मजुरी फुकट धरून ठरविलेला भाव हा खरा भाव नसतो, आणि बाहेरचा माणूस ठेवण्याची वेळ येते तेव्हा ते उघडकीस येते. या न मोजलेल्या श्रमात स्त्रियांचा वाटा मोठा असतो, हेही नमूद केले पाहिजे.

या संदर्भात ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ या संस्थेचे उदाहरण बोलके आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईतील गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन हे काम सुरू केले. देणगी न स्वीकारण्याचे धोरण संस्थेने ठेवले. पापड लाटणाऱ्या भगिनी संस्थेच्या सहमालक मानल्या जातात आणि त्यांना कामाच्या प्रमाणात लाटणावळ दिली जाते. येथे श्रमाचा मोबदला आधी मोजला जातो आणि नफ्याचा विचार त्यानंतर होतो. संस्थेच्या यशाची चर्चा होताना हा क्रम मात्र दुर्लक्षित राहतो.

३. उधारी आणि खेळते भांडवल

‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी विनोदाने वाचली जाते. परंतु तिच्यामागे व्यापाराचा दीर्घ अनुभव आहे. गिऱ्हाइकांच्या अभावी जसे धंदे बंद पडतात, तसेच ते विकलेल्या मालाचे पैसे वेळेवर न आल्यामुळेही बंद पडतात.

औद्योगिक वसाहतीतील एक लहान कारखानदार मोठ्या कंपनीला दरमहा ३ लाख रुपयांचा माल पुरवितो आणि पैसे ९० दिवसांनी मिळतात, असे मानू. दरमहा खर्च २.५५ लाख रुपये धरला, तर कोणत्याही क्षणी त्याचे ७.६५ लाख रुपये अडकलेले असतात. ही रक्कम १२ टक्के व्याजाने उभी केली असेल, तर वर्षाला ९१,८०० रुपये, म्हणजे दरमहा ७,६५० रुपये व्याज जाते. ४५,००० रुपयांच्या मासिक नफ्याचा सहावा हिस्सा याप्रमाणे मोठ्या कंपनीला फुकट भांडवल पुरविण्यात खर्ची पडतो. शिवाय वस्तू व सेवा कर बिलाच्या तारखेनुसार देय होतो. गिऱ्हाइकाने पैसे दिलेले नसतानाही सरकारचा कर वेळेवर भरावा लागतो.

यावर कायद्यात उपाय नाही असे नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमानुसार सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे देण्याची मुदत करार करूनही ४५ दिवसांहून अधिक ठेवता येत नाही. करार नसल्यास ती १५ दिवसांची असते. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढ पद्धतीने व्याज देय होते. तक्रारीसाठी सुविधा परिषदा आहेत आणि २०१७ पासून ‘समाधान’ हे संकेतस्थळही आहे. २०२३ च्या वित्त अधिनियमाने तर मुदतीत न दिलेल्या रकमेची वजावट खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच मिळेल, अशी तरतूद केली.

तरीही कायदा आणि व्यवहार यांत अंतर राहते. ज्याची निम्मी विक्री एकाच गिऱ्हाइकाला होते, तो त्या गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार करण्यापूर्वी दहा वेळा विचार करतो. व्याज मिळेल, परंतु पुढची ऑर्डर मिळणार नाही, हे त्याला ठाऊक असते. करवजावटीची नवी तरतूद सूक्ष्म व लघु उद्योगांकडून केलेल्या खरेदीपुरतीच असल्याने, मध्यम उद्योगाकडून किंवा नोंदणी नसलेल्या पुरवठादाराकडून माल घेण्याचा मार्ग खरेदीदाराला मोकळा राहतो. किरकोळ व घाऊक व्यापाऱ्यांना जुलै २०२१ मध्ये नोंदणीची मुभा मिळाली. मात्र ती प्राधान्यक्षेत्रातील कर्जापुरती होती, विलंबित देयकांच्या संरक्षणासाठी नव्हती. म्हणून खरे संरक्षण कायद्याइतकेच गिऱ्हाइकांच्या संख्येत असते. एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर विसंबलेला उद्योजक नावाचा मालक असतो. प्रत्यक्षात तो पगार व रजा नसलेला नोकर असतो.

४. वाढीचा धोका

वाढ ही नेहमीच हितकारक असते, हा समजही तपासून पाहिला पाहिजे. वरील कारखानदाराची ऑर्डर दुप्पट झाली, तर खर्चाचे प्रमाण तेच राहिल्यास अडकणारी रक्कम १५.३० लाख रुपयांवर जाते. ही जादा रक्कम नफा हातात पडण्यापूर्वीच उभी करावी लागते. ती सावकाराकडून अथवा घर तारण ठेवून उभी केली आणि एखादे बिल थकले, तर भरपूर काम असतानाच कारखान्याला कुलूप लागते. कागदावर नफा आणि हातात रोकड नाही, ही अवस्था ताळेबंदापेक्षा रोकडप्रवाहाच्या तक्त्यात लवकर दिसते. दुर्दैवाने लहान उद्योजक तो तक्ता क्वचितच तयार करतो.

प्रधानमंत्री मुद्रा योजनेमुळे २०१५ पासून तारणाशिवाय कर्ज मिळण्याची सोय झाली, हे स्वागतार्ह आहे. तथापि कर्ज हे भांडवलाची उणीव भरून काढते; चुकीचा भाव किंवा थकलेली उधारी दुरुस्त करीत नाही. तोट्याच्या धंद्याला दिलेले कर्ज तोटाच वाढविते.

५. विपणन म्हणजे जाहिरात नव्हे

विपणनाचा अर्थ बहुधा जाहिरात किंवा सवलत असा लावला जातो. सवलतीचे गणित मात्र कठोर आहे. ७५ रुपये खर्चाची वस्तू १०० रुपयांना विकणाऱ्याने १० टक्के सवलत दिली, तर त्याचा नफा २५ रुपयांवरून १५ रुपयांवर येतो. पूर्वीइतकाच एकूण नफा मिळविण्यासाठी त्याला सुमारे ६७ टक्के अधिक माल विकावा लागतो. दिवाळीची सवलत देणाऱ्या किती दुकानदारांनी हे गणित केलेले असते?

विपणन म्हणजे गिऱ्हाइकाची अडचण समजून घेणे, याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासात आहे. बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीमुळे शेतकरी तो घेण्यास तयार नव्हते. येथे अडथळा किमतीचा नव्हता, विश्वासाचा होता; आणि तो सवलतीने दूर होणारा नव्हता. पुढे १९२० मध्ये सुरू झालेले ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक मुळात उद्योगाची व त्याच्या उत्पादनांची माहिती लोकांपर्यंत पोहोचविण्यासाठी होते. गिऱ्हाइकाशी थेट व सातत्याने बोलण्याचा तो मार्ग होता.

आज हा संवाद घरपोच सेवा देणाऱ्या मंचांच्या हाती जात आहे. मंचावर विक्री वाढते. परंतु दलाली द्यावी लागते आणि गिऱ्हाईक मंचाचे होते, दुकानदाराचे नव्हे. गिऱ्हाइकाचे नाव, त्याची आवड, त्याने खरेदी का थांबविली ही माहिती दुकानदाराला मिळेलच असे नाही. पूर्वीच्या वाण्याच्या वहीत उधारीबरोबर हे ज्ञानही साठलेले असे. म्हणून मंचाचा उपयोग नवे गिऱ्हाईक मिळविण्यासाठी करावा. मात्र जुने गिऱ्हाईक टिकविण्याचे काम त्याच्यावर सोपवू नये.

६. समारोप

‘मराठी माणसाला धंदा जमत नाही’ हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या ऐकविले जाते. वरील विवेचनावरून असे दिसते की, लहान धंद्याचे अपयश समाजाच्या स्वभावापेक्षा चुकीच्या हिशेबाने, थकलेल्या पैशाने आणि एकाच गिऱ्हाइकावरील अवलंबनाने अधिक समाधानकारकपणे स्पष्ट होते. स्वभाव बदलणे कठीण आहे. हिशेब शिकविता येतो.

या दृष्टीने महाविद्यालयांची जबाबदारी मोठी आहे. विपणनाच्या अभ्यासक्रमातील बरीचशी प्रतिमाने मोठ्या कंपन्यांच्या अनुभवावर उभी आहेत. उद्योजकता शिबिरात यशस्वी उद्योजकाचे भाषण आयोजित केले जाते. परंतु बंद पडलेल्या दुकानाचा हिशेब विद्यार्थ्यांपुढे क्वचितच मांडला जातो. विद्यार्थ्यांनी जवळच्या एखाद्या दुकानाचा वा कारखान्याचा, मालकाच्या संमतीने आणि नाव गुप्त ठेवून, वर्षभराचा रोकडप्रवाह मांडला, मालकाची व घरच्यांची मजुरी त्यात धरली आणि थकबाकीचे दिवस मोजले, तर तो प्रकल्प विद्यार्थ्याइतकाच त्या उद्योजकालाही उपयोगी पडेल. वर्गातील अनेक विद्यार्थी अशाच एखाद्या दुकानाच्या मागील खोलीत वाढलेले असतात. आपल्या आईने वर्षानुवर्षे केलेले काम हिशेबात कोणत्या रकान्यात लिहावयाचे, हे त्यांना शिकविणे हे वाणिज्य शिक्षणाचे आद्य कर्तव्य मानले पाहिजे.