मोटारीचा स्टार्टर वारंवार कां जळतो?

आपल्या मंडळाच्या कित्येक सभासदांकडे जुन्या डिझेल जीपगाड्या अद्याप चालत आहेत. अशा गाडीचा स्टार्टर वरचेवर जळतो, आणि मालक दर वेळीं नवा बसवून मोकळा होतो. आम्हीही तेंच केलें. दोन वर्षांत तीन स्टार्टर जळले. तिसरा गेला तो ऐन पहाटे, टोमॅटोचे क्रेट गाडींत भरल्यावर. माल बाजारांत पोंचला तेव्हां लिलाव आटोपला होता. आमची नोकरी महसुली कचेरींत झाली. तेथें चौकशीवांचून निकाल नसे. घरच्या गाडीच्या बाबतींत मात्र तो नियम आम्ही विसरलों होतों.

विजेचा स्टार्टर चार्ल्स केटरिंग यांनीं सिद्ध केला व १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारींतून तो प्रचारांत आला. तत्पूर्वीं हँडल मारून इंजिन सुरू करावें लागे. थोडा वेळ फार मोठें काम करावें, एवढ्यासाठींच ही मोटर घडविलेली असते. वीज अपुरी मिळाली म्हणजे ती मंद फिरते, इंजिन लवकर सुरू होत नाहीं, आपण किल्ली धरून ठेवितों, आणि आंतील तारा तापून जळतात. कमी दाबावर विहिरीवरचा पंप कसा जळतो, हें शेतकऱ्यांस सांगणें नको.

म्हणून तिसरा स्टार्टर दुरुस्त करून बसविल्यावर आम्ही वायरमनास बोलावून मीटरनें तपासणी करविली. गाडी न्यूट्रलमध्यें ठेवून हँडब्रेक ओढावा व इंजिन सुरू होऊं नये म्हणून डिझेल बंद करावें. प्रथम बॅटरी पाहावी. पूर्ण भरलेली बॅटरी स्थिर असतां सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. स्टार्टर फिरत असतां दाब ९.६ च्या खालीं जाऊं नये. नंतर स्टार्टर फिरत असतांनाच बॅटरीच्या धन टोकापासून स्टार्टरच्या टोकापर्यंत मोजावें; तूट अर्ध्या व्होल्टहून अधिक नसावी. शेवटीं बॅटरीच्या ऋण टोकापासून स्टार्टरच्या अंगापर्यंत मोजावें, येथें ०.३ व्होल्टहून अधिक तूट दिसल्यास अर्थिंगमध्यें दोष समजावा.

आमच्या गाडींत ही तूट दीड व्होल्ट भरली. इंजिन व चासी यांस जोडणारी अर्थिंगची पट्टी बोल्टाखालीं गंजली होती. बॅटरीची ऋण तार आधीं सोडून ती जागा पॉलिश पेपरनें घांसली व नवी पट्टी बसविली. स्टार्टरच्या किमतीपुढें हा खर्च कांहींच नव्हता.

अर्थिंग निर्दोष निघाल्यास पुढील गोष्टी पाहाव्या. इंजिनाचें ऑईल गळून स्टार्टरमध्यें जातें काय. त्याचे बोल्ट ढिले आहेत काय. फ्लायव्हीलचे दांते झिजले आहेत काय. आणि किल्ली सोडल्यावर स्टार्टर तत्काळ थांबतो कीं नाहीं. डिझेलच्या नळींत हवा शिरत असल्यासही इंजिन उशिरा सुरू होतें, व त्याचा भुर्दंड स्टार्टरास बसतो. किल्ली एका वेळीं दहा सेकंदांहून अधिक धरूं नये. मध्यें एक मिनिट थांबावें.

तोच दुरुस्त केलेला स्टार्टर आज चार वर्षें बिनतक्रार चालत आहे. जळालेला स्टार्टर बदलण्यापूर्वीं तो कां जळाला, एवढा एक प्रश्न मेस्त्रीस अवश्य विचारावा, अशी वाचकबंधूंस आमची विनंति आहे.