सद्गुणांची सरकारी भरती

हान घराण्याचा संस्थापक लिऊ बांग याला पंडितांचा मनस्वी तिटकारा. कन्फ्यूशियसपंथी विद्वान आपली ठरावीक टोपी घालून भेटीला आला, की ती टोपी काढून घ्यायची आणि तिच्यातच लघवी करायची, असा त्याचा खाक्या होता. सिमा छियेनच्या इतिहासात तशी नोंद आहे. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला हा एकेकाळचा किरकोळ अंमलदार इ.स.पू. २०२ मध्ये चीनचा सम्राट झाला. घोड्यावर बसून जिंकलेले राज्य घोड्यावर बसून चालत नाही, हे लू ज्या नावाच्या सल्लागाराने त्याला तोंडावर सुनावले आणि तेही त्याला ऐकून घ्यावे लागले. इ.स.पू. १९६ मध्ये त्यानेच फर्मान काढले: आपापल्या मुलखातले गुणी लोक शोधा आणि राजधानीला पाठवा. म्हाताऱ्यांना नि आजाऱ्यांना पाठवू नका. पण असा माणूस ठाऊक असूनही जो अधिकारी दडवून ठेवील, त्याची नोकरी जाईल.

फर्मान निघाले, तरी पद्धत बसायला साठेक वर्षे लागली. तोवर दरबारातल्या जागा भरल्या जात त्या मुख्यतः वशिल्याने किंवा पैशाने. वरच्या श्रेणीच्या अधिकाऱ्याची तीन वर्षे नोकरी झाली, की त्याला आपला मुलगा किंवा भाऊ दरबारात चिकटवता येई. ठरावीक मालमत्ता असणाऱ्यांनाही दार उघडे होते. कन्फ्यूशियसच्या शिष्यपरंपरेला राजवाड्यात फारसे कुणी विचारत नव्हते, कारण तिथे सम्राट जिंगच्या आईचा, तौ राणीसाहेबांचा, शब्द चाले आणि त्यांची भक्ती लाओत्झूवर. युआन गू नावाच्या पंडिताने लाओत्झूचा ग्रंथ म्हणजे नोकरचाकरांच्या गप्पा, असे म्हटले, तर बाईंनी त्याला रानडुकराच्या कोंडवाड्यात उतरवून झुंजायला लावले. सम्राट जिंगला दया आली. त्याने हळूच एक धारदार शस्त्र दिले, म्हणून म्हातारा वाचला. डुक्कर एकाच घावात गार झाले.

इ.स.पू. १४१ मध्ये जिंगचा पोरसवदा मुलगा वू गादीवर आला. त्याने दरबारात कन्फ्यूशियसपंथी माणसे आणायला सुरुवात करताच आजीने त्यांतल्या दोघांना तुरुंगात टाकले आणि तिथेच त्यांनी जीव दिला. वू गप्प बसला. पण इ.स.पू. १३६ मध्ये कन्फ्यूशियसपंथाच्या ‘पंचग्रंथां’च्या अध्यापनासाठी त्याने सरकारी आचार्य नेमले. पुढच्या वर्षी आजी वारली. इ.स.पू. १३४ मध्ये हुकूम सुटला, की प्रत्येक प्रांताने दरसाल दोन माणसांची शिफारस करायची: एक आईबापांची सेवा करणारा, दुसरा निःस्पृह. दोन्ही गुण मिळून या शिफारशीला ‘श्याओल्येन’ म्हणत.

यामागे निव्वळ धर्मभावना होती, असे मला वाटत नाही. वूला मांडलिक राजपुत्र आणि जुनी सरदार घराणी यांचा जोर मोडायचा होता. त्यासाठी ज्याला मागे कुळाचे बळ नाही आणि जो पदासाठी फक्त सम्राटाचे देणे लागतो, असा माणूस हवा. दोंग चोंगशू या विद्वानाने त्याला दोन गोष्टी सांगितल्या: कन्फ्यूशियसच्या शिकवणीबाहेरच्या मतांना सरकारी आश्रय देऊ नका, आणि अधिकारी घडवण्यासाठी राजधानीत विद्यापीठ काढा. दोन्ही सल्ले वूच्या पथ्यावर पडणारे होते. खुद्द दोंगची मात्र दैना झाली. एका आगीतून दैवी इशारा वाचणारा मजकूर त्याने घरी लिहिला होता. तो चोरून दरबारात पोहोचवला गेला. लेखक कोण हे माहीत नसलेल्या त्याच्याच शिष्याने तो मूर्खपणाचा ठरवला. गुरूला देहदंडाची शिक्षा झाली, मग माफी मिळाली. पुन्हा त्याने शकुनांवर तोंड उघडले नाही.

इकडे शिफारशी येईनात. शिफारस चुकली तर ती करणाऱ्याच्या अंगाशी येई. त्यापेक्षा गप्प राहणे शहाणपणाचे! इ.स.पू. १२८ मध्ये वूने जाब विचारला, की अख्ख्या प्रांतात एकही लायक माणूस नाही म्हणजे काय? मातृपितृभक्त न धाडणारा अधिकारी राजाज्ञेचा अवमान करणारा ठरेल, निःस्पृह माणूस न हेरणारा नोकरीला नालायक ठरेल, असा दंडक त्याने बसवला. सद्गुणांचा वार्षिक कोटा ठरला तो असा.

विद्यापीठ इ.स.पू. १२४ मध्ये उभे राहिले. सुरुवात ५० विद्यार्थ्यांनी झाली. वय अठरा किंवा वर, वेठबिगार माफ, वर्षाला परीक्षा, एका ग्रंथात तयारी असली की नोकरी, आळशांना घरचा रस्ता. ही योजना मांडली गोंगसुन होंगने. हा माणूस समुद्रकाठी डुकरे राखायचा. तुरुंगातल्या कारकुनीवरून त्याला काढून टाकले होते. अभ्यासाला तो चाळिशी उलटल्यावर बसला. पहिल्यांदा दरबारात बोलावणे आले तेव्हा तो साठीचा होता आणि सोबतीला होता तोच नव्वदीतला युआन गू. विद्या वाकवून जगाची खुशामत करू नकोस, असे म्हाताऱ्याने त्याला बजावले. व्यर्थ! दुसऱ्या खेपेला परीक्षकांनी त्याला तळाला टाकले, सम्राटाने उचलून पहिला नेमला, आणि पुढे तो पंतप्रधान झाला. एवढा पगार असून हा साधी गोधडी पांघरतो, हे ढोंग आहे, असे ची आन नावाच्या फटकळ सहकाऱ्याने सम्राटासमोर सांगितले. होंगने शांतपणे आरोप कबूल केला. सम्राटाच्या मनातली त्याची किंमत त्यामुळे उलट वाढली. धूर्तपणात त्याचा हात धरणारा त्या दरबारात दुसरा नव्हता.

वूला सगळीच माणसे हवी होती, हेही खरे. दोंगफांग श्वो नावाच्या विनोदी वल्लीने तीन हजार पट्ट्यांवर अर्ज लिहून पाठवला. दोन माणसांनी कसाबसा उचलावा असा तो ढीग सम्राट खुणा करत दोन महिने वाचत बसला. पण मीठ आणि लोखंडाचा मक्ता चालवायला त्याने सांग होंगयांग हा व्यापाऱ्याचा मुलगा निवडला. ग्रंथ दर्शनी दाराला, हिशेब माजघरात.

गोंधळ पुढच्या काळात झाला. शिफारशीवर नोकरी मिळते म्हटल्यावर सद्गुण तयार होऊ लागले. इसवी सनाच्या पहिल्या शतकात श्यू वू या गृहस्थाने भावांशी वाटणी करताना चांगली जमीन, तगडे गुलाम स्वतःकडे ठेवले. गावाने भावांच्या सोशिकपणाची वाहवा केली. दोघांची शिफारस झाली. मग श्यू वूने भाऊबंद जमवून आपला डाव सांगितला आणि वाढवलेली सारी मालमत्ता भावांना देऊन टाकली. त्याचेही नाव झाले. दुसऱ्या शतकातल्या चाओ श्युआनची गोष्ट याहून सरस. आईबापांच्या थडग्याच्या वाटेतच त्याने वीस वर्षांहून अधिक काळ सुतक पाळले. प्रांताधिकारी चेन फानने कुटुंबाची चौकशी केली, तेव्हा कळले की पाचही मुले सुतकातच जन्मली आहेत. या गृहस्थाला शिफारशीऐवजी शिक्षा मिळाली.

म्हणून इ.स. १३२ मध्ये ज्वो श्योंग या दरबारी अधिकाऱ्याने शिफारशीला परीक्षा आणि चाळीस वर्षे वयाची अट जोडली. अपवाद फक्त असामान्यांना. कन्फ्यूशियसचा लाडका शिष्य यान हुईचा दाखला देत श्यू शू नावाचा एक तरुण आला. यान हुईला एक सांगितले की दहा कळत, तुला किती कळतात, असे ज्वोने विचारले. पोराची बोलती बंद झाली, त्याला घरी पाठवले. परीक्षा आली तशा लबाड्याही आल्या. विद्यापीठात तीस हजारांवर विद्यार्थी जमले होते. आपल्या पाठासारखा सरकारी प्रतीतला मजकूर बदलून घ्यायला लोक लाच देत. अखेर त्साय योंग हा विद्वान आणि इतरांच्या विनंतीवरून इ.स. १७५ मध्ये ग्रंथ दगडात कोरायला घेतले. लोयांगमध्ये उभ्या केलेल्या त्या शिळांवरून नक्कल उतरवून घ्यायला दिवसाला हजारभर गाड्या येत, रस्ते तुंबत.

त्याच सुमारास त्साओ त्साओ नावाचा विशीतला तरुण श्याओल्येन शिफारशीने नोकरीत शिरला. पुढे हान सम्राटाला मुठीत ठेवून त्यानेच उत्तर चीन चालवला. इ.स. २०८ मध्ये त्याने कोंग रोंगला ठार मारले. कोंग रोंग खुद्द कन्फ्यूशियसचा वंशज आणि त्याच्यावरच्या आरोपांत एक होता आईबापांविषयी अनादराचा. दोनच वर्षांनी त्साओने फर्मान काढले, की फक्त कर्तबगारी पाहा. इ.स. २१७ च्या फर्मानात तर त्याने स्पष्टच लिहवले, की माणूस बदनाम असो, आईबापांना न विचारणारा असो, राज्य चालवण्याची नि लढण्याची अक्कल असेल तर त्याचे नाव कळवा.